देवी आलेल्या अळ्या

कळवे, भाद्रपद शुद्ध पंचमी, शके १८०६

आज सकाळी ठाण्याच्या काठावर खाडीत पाय धुतले, मारुतीचे नाव घेतले आणि होडीत बसलो. घाटावरच्या माणसाला होडीची भीती, पण मन प्रसन्न होते. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा काम मिळाले. दौलत पाटलांनी वरचे भातखाचर माझ्या राखणीला दिले. खालचे राघोकडे, तो इथलाच. ज्याचे भात स्वच्छ राहील तो घटस्थापनेला पहिल्या लोंब्या, म्हणजे ‘नवं’, गावदेवीला नेईल आणि कायमचा राहील, असे पाटील म्हणाले. दुसऱ्याने आपले गाठोडे बांधावे. याआधी दोन गावांतून मी बांधले आहे. देवीने इथे ठेवावे.

शुद्ध एकादशी

माझ्या भातावर अळी पडली. राख टाकली, हाताने वेचली, संपत नाही. राघोचे खाचर हिरवेगार. पाटील बांधावर उभे राहून त्याच्याशीच बोलतात. मला पाहून राघो म्हणाला, “पंत, वही दावा अलीला. वाचून पलेल.” सगळे हसले. मीही हसलो. उपास असून तोंड दिवसभर कडू होते.

शुद्ध त्रयोदशी

राघोच्या खाचरातही अळ्या आहेत, पण मेलेल्या. प्रत्येक पातीच्या अगदी शेंड्याला, पातीला मिठी मारून, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी. इथे म्हणतात, अळीला देवी आल्या. देवी अंगात शिरली की अळी खाणे सोडते, उंच चढते आणि मरते. मग वाऱ्याने तो प्रसाद खालच्या अळ्यांवर पडतो. राघो त्या वेचून पाण्यात वाटतो, तांब्या देवीच्या दगडापुढे ठेवतो आणि आंब्याच्या डहाळीने भातावर शिंपडतो. मी थोडे मागितले. आधी गावचे व्हा, म्हणाला. आणखी काही सांगत होता. मी ऐकायला थांबलो नाही.

वद्य द्वितीया

राघो जेवायला गेला तेव्हा तांब्या उचलला. चोरीच ती. माझे खाचर शिंपून झाले. तळाशी घोटभर उरले. देवीपुढचे पाणी — हात आपोआप पुढे झाला. तीनदा तळहातावर घेऊन प्यायलो, ओला हात डोक्यावरून फिरवला. जन्माची सवय. गिळल्यावर कळले, हे तीर्थ नव्हे.

वद्य नवमी

माझ्या अळ्या मेल्या. पाटलांनी पाठ थोपटली. सुख झाले, विशेषतः राघो समोर असल्यामुळे. तो भाताकडे पाहत नव्हता, माझ्या नखांकडे पाहत होता. नंतर हळूच म्हणाला, “पंत, तोंडाला तर नाय ना लावलं?”

मी नाही म्हटले.

वद्य द्वादशी

घशात कापूस. जेवण नको. जमिनीवर बसवत नाही. आधी बांधावर बसलो, मग राखणीच्या माळ्यावर. तिथे बरे वाटते. राघोच्या बांधावर एक ताड आहे. गावात त्याहून उंच काही नाही. तोही त्याचाच.

अमावास्या

नखांखाली पांढरे. राघो काढा घेऊन आला, तोंडाला फडके बांधून. तो गेल्यावर मी ओतून टाकला. पाटील म्हणतात, पंत आजारी, नवं राघो नेईल. माझे भात स्वच्छ असून —

जप करायला बसलो. देवीचे नाव येत नाही. ताडच दिसतो.

आश्विन शुद्ध प्रतिपदा, सकाळ

चढलो. आयुष्यात कधी झाडावर चढलो नव्हतो. वही कमरेला होती. एक हात लिहितो आहे. दुसरा खोडावरून सुटत नाही. पायही सुटत नाहीत.

खाली घट घेऊन सगळा गाव निघाला. पुढे राघो, डोक्यावर नवं. आज फडके नाही. देवीपुढे तोंड झाकत नाहीत. मला पाहून ओरडतो आहे, मागे फिरा म्हणून. कोणी ऐकत नाही. ताडाखाली थांबलेत, तोंडे वर, उघडी —

छातीत काहीतरी उकलते आहे. दुखत नाही. वारा गावाकडे —