पिक्चरमधली बत्ती

१० एप्रिल १९५८, लालबाग

रविवारचं आज गुरुवारी लिहितोय. रोज वही काढली, पेन्सिल तासली आणि दुसरंच काहीतरी निघालं. सोमवारी खालच्या कोंबडीवाल्याची टोपली फुटली, कोंबड्या धरायला चिवड्याच्या गल्लीपर्यंत धावलो. मंगळवारी संयुक्त महाराष्ट्राची (सं.म.) सभा, ती ऐकून परळला उतरायचं ते दादरला गेलो, तिथे एकजण दोरीवर चालत होता. काल काहीच नव्हतं, तरी लिहिलं नाही.

खरं म्हणजे लिहायची भीती वाटते. आता लिहितो.

पिक्चरचे पास पेंटरमास्तरांनी दिले. बोर्ड आमच्याच कारखान्यात रंगला. माणसाचा चेहरा मास्तरांचा, समुद्र माझा. एकटा गोरा माणूस शिडाची छोटी बोट घेऊन महासागर पार करतो, एवढीच स्टोरी. म्हटलं आपल्या खोलीत तीन दर्यावर्दी पडून आहेत, त्यांना दाखवावं. बाकीचे गाववाले म्हणाले इंग्रजी नको. मग सोनूमामा, त्याच्याबरोबर बोटीवर जाणारा धाकू, भिकूतात्या आणि मी. सकाळचा शो, गिरगाव.

भिकूतात्या आता म्हातारे, दर्या सोडून खूप वर्षं झाली, खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. वादळ आलं तेव्हा तात्यांनी पुढच्या खुर्चीतल्या कॉलेजवाल्याची कॉलर धरली आणि सोडेनातच. तो वळून बघतो तर तात्यांचे डोळे मिटलेले.

धाकूचं चालूच. "अरे थेंब बघ केवढा. टाकीत केलंय हे. याच्यात मीठ नाही." गोरा स्वतःशी बोलायला लागला तेव्हा म्हणाला, "आता याला बायको पाहिजे, भांडायला."

मामा एकच विचारत होता. "झोपता तेव्हा सुकाण कोण धरता?" मामा बोटीवर सुकाणी, चाक धरायचं आणि पाळी आली की टोकाला उभं राहून टेहळणी करायची, हेच काम चौदाव्या वर्षापासून. गोऱ्यानं दोरीनं सुकाण बांधलं आणि आडवा झाला. मामा म्हणाला, "बांधून झोपलो? मगे जागो कोण?" मागचे म्हणाले, शूऽऽ.

मग ते झालं. गोरा झोपलेला, पडदा सगळा काळा. कोपऱ्यात एक ठिपका. मला आधी वाटलं पडद्याला भोक आहे. धाकू आणि तात्या एकदम ओरडले, "बत्ती!" धाकूचा डावा हात वर, बोट त्याच बाजूला. तात्या तर अर्धे उठले. सगळं थेटर हसलं.

मामा दोघांकडे बघत म्हणाला, "खय?"

ठिपका मोठा झाला, आगबोट झाली, गोऱ्याच्या बोटीला घासून गेली. तेव्हा मामा म्हणाला, "हां हां, दिसली." तोवर बाहेरच्या पानवाल्यालासुद्धा दिसली असती.

ट्राममध्ये धाकू सगळा वेळ बोटीवरच्या कॉफीबद्दल बोलत होता. त्याला कॉफी आवडत नाही.

११ एप्रिल

रविवारपासून खोलीत कुणी पिक्चरचं नाव काढत नाही. एवढा फुकटचा पिक्चर बघून.

धाकू मामाला बिडी देताना मुद्दाम हात जरा बाजूला धरतो. मामाचा हात आधी हवेत जातो, मग बिडीवर. मी बघितलं. धाकूनं बघितलं की मी बघितलं.

मामाच्या डोळ्यांना पाणी येतं. म्हणतो मिरची. खरंच आहे, खाली मसाल्याच्या डंखावर दिवसभर मिरची कुटतात, सगळी चाळ शिंकते. पण आम्हा बाकीच्यांना नाकाला येतं, त्याला फक्त डोळ्यांना.

२१ तारखेला त्याची डोळ्यांची तपासणी आहे. पास झाला की बोट. धाकूही त्याच बोटीवर, त्याची तपासणी झाली.

१३ एप्रिल, रविवार

मामा म्हणाला, चल जरा वरळीला, दर्याचो वारो खाऊन येऊया. कोळीवाड्यापर्यंत गेलो. जाताना एका गल्लीत जाळं विणणारी म्हातारी दिसली, तिच्याशी बोलत बसलो. तिच्या नातवानं पोपट पाळलाय, तो तिला शिव्या देतो. मामा पुढे जाऊन उभा.

संध्याकाळ व्हायची होती, ऊन पाण्यावर. मामा कठड्यावर हात ठेवून समुद्राकडे बघत होता. म्हणाला, "होड्ये येतत बघ. आज बऱ्याच दिसतत."

समुद्रावर एकही होडी नव्हती.

कोळीवाड्यात लग्न होतं. बँड ऐकू येत होता. सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आमच्या पायाखालीच, काहींना पताकासुद्धा बांधलेल्या. ही परतायची वेळ, म्हणून त्याला त्या दिसल्या.

"हो मामा," म्हटलं. "बऱ्याच आहेत."

का म्हटलं?

१४ एप्रिल

समोरच्या चाळीत जयंतीची कमान. आम्हीच रंगवली, निळा रंग हाताला अजून आहे. कांबळ्यांच्या दारी सगळ्या पोरांना पेढे. मिरवणुकीत मी नाचलो, चप्पल गेली. मामा गॅलरीतून बघत होता. खालून हात केला. त्यानंही केला. मलाच केला का ते माहीत नाही.

१५ एप्रिल

सं.म.च्या मोर्च्याचं कापड रंगवलं. अक्षरं मोठी घेतली आणि 'झालाच पाहिजे'ला जागा उरेना, शेवटचं अक्षर मुंगीएवढं. मास्तर बोलले. धाकू म्हणाला, "तुझा महाराष्ट्र कापडात मावत नाही, सरकार काय देणार." सगळे हसले, मामाही. बरं वाटलं. दुपारपर्यंत टिकलं.

१६ एप्रिल

मामानं जिन्यात गाठलं.

"अंकुश, तुका रंगवूक येता ना?"

"येतं की."

"एक पाटी काढून दी."

डोळे तपासायला भिंतीवर पाटी असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अक्षरांऐवजी फण्या. फणीचे दात कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. वरच्या ओळीत मोठी फणी, खाली उतरत बारीक. दात कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. धाकूची तपासणी नुकतीच झालेली, त्याला सगळी तोंडपाठ. मामा म्हणाला, "धाकूक इचार आणि काढ. माका पाठ करूची आसा."

म्हटलं, "मामा, नाही गेलास तर?"

"मगे काय करू? तुझ्या मास्तराचे डबे धुवू?"

तोच पुढे बोलला, "दर्यात डोळे लागणत नाय रे. बत्ती आधी अंगाक समाजता, मगे दिसता."

वरळीच्या होड्या आठवल्या.

१७ एप्रिल

कारखान्यात मास्तर नव्हते. जुन्या बोर्डाच्या पुठ्ठ्यावर पांढरा हात मारला. धाकू डब्यावर बसून सांगत होता, मी काढत होतो. वर. उजवी. खाली. डावी. मामाला दिसावं म्हणून मी सगळ्या फण्या मोठ्याच काढल्या, खालच्यासुद्धा. तेव्हा धाकूला हसू आलं, मग गेलं.

शेवटची ओळ राहिली. धाकू सांगायचा थांबला. बिडी पेटवली.

"अंक्या, सोनूदानं मला बोटीवर नेला. पहिल्या सफरीत मी ओकून ओकून आडवा, तर माझी पाळी तो करायचा. कुणाला कळू दिलं नाही. त्याला नाही कसं म्हणू?"

"मग सांग ना ओळ."

"सांगतो. तू ती उलटी काढ."

मला कळलं नाही.

"शेवटची ओळ उलटी काढ. वरचं खाली, डावं उजवीकडे. डॉक्टर तीच विचारतो. तेवढंच."

"मामा नापास होईल."

"होईल. आणि टोकाला दुसरा कुणी उभा असेल आणि मी खाली झोपेन." बिडी पायानं विझवली. "साठ माणसं असतात रे बोटीवर. मी त्याला तोंडावर सांगू शकत नाही. तूही नाही सांगू शकत. बिडी देताना तूही बघितलंस, सांगितलंस का?"

खरी ओळ सांगितली आणि गेला.

मी खरीही काढली नाही, उलटीही नाही. पुठ्ठा तसाच घेऊन आलो. मामाला म्हटलं रंग संपला.

१८ एप्रिल

मामा पाठ करतोय. गॅलरीत पुठ्ठा मांडीवर, बोटानं फण्या चाचपतो, रंग जाड बसलाय ना. मग पुठ्ठा बाजूला ठेवून म्हणतो.

बोटीवर पाळी बदलते तेव्हा चाक सोडणारा दिशा मोठ्यानं सांगतो, घेणारा तीच परत म्हणतो, मगच हात सोडायचा. मामा तसंच करतो माझ्याशी. "वर, उजवी, खाली." मी म्हणायचं, वर, उजवी, खाली. मी म्हटलं नाही तर तो पुढच्या ओळीवर जात नाही. वाट बघत बसतो, मान माझ्या बाजूला, जरा चुकीच्या बाजूला.

एकदाही चुकला नाही.

"शेवटली कधी काढतस?"

"उद्या."

भिकूतात्या किल्लीचा जुडगा खळखळवत बसलेले. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. पण बत्ती त्यांनीही पाहिली होती. त्यांना विचारलं, तात्या, तुम्ही दर्या का सोडलात? म्हणाले, "माका नाय सोडूचो होतो. बायकोन सोडवल्यान." आणि परत खळखळ. मग म्हणाले, तो पिक्चरमधलो गोरो घराक पोचलो तेव्हा त्येची बायको खय होती? म्हटलं, दाखवली नाही तात्या, फक्त बँड होता. तात्या म्हणाले, "तर."

१९ एप्रिल

रंग संपला नाहीये. ब्रश धुतला, परत धुतला. लालबागच्या नाक्यापर्यंत गेलो, एक माणूस उसाच्या चरकात अडकलेलं उपरणं काढत होता, ते बघत बसलो. तिथून भायखळा. तिथून परत.

खरी काढली तर तो बोटीवर जाईल. धाकू खाली झोपेल, पण झोपणार नाही.

उलटी काढली तर मामा डॉक्टरसमोर हात वर करेल, बरोबर, ठणठणीत, पाठ आहे म्हणून. आणि डॉक्टर मान हलवेल. आणि मामा विचार करेल, कोण चुकला. मला विचारणारही नाही.

त्याला सरळ सांगावं, मामा, तुला दिसत नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणालो जेवायला चल, एकदा म्हणालो उकडतंय.

२० एप्रिल, रविवार

उद्या तपासणी.

सकाळपासून भिकूतात्या दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बसलेत. खोली स्वतः झाडली. मामाचा पडलेला सदरा खुंटीला लावला, आम्हा पोरांची चड्डी-बनियनं माळ्यावर फेकली. विचारलं, तात्या, कुठे निघालात? म्हणाले, "खय नाय." धाकू घरात नाही, सकाळीच गेला.

मी गॅलरीत बसून हे लिहितोय. पुठ्ठा पुढ्यात, ब्रश वाटीत, शेवटच्या ओळीची जागा कोरी. मामा कठड्याला टेकून उभा, खाली चौकाकडे तोंड, तोंडानं चालू. वर, उजवी, खाली. मी मागून म्हणतोय, एका हातानं लिहितोय.

मामा थांबला. म्हणाला, "अंकुश, खाली नळार बघ रे. कोणाची तरी बाय इली हा. वाट चुकलेली दिसता. खोली इचारूक सांग तेका."

मी उठून बघितलं.

नळाशी ट्रंक टेकवलेली, ट्रंकेवर नारळांची पिशवी. बाईनं पदर सारखा केला आणि मान वर केली. सरळ मामाकडे बघितलं. हसली. मामाचा चेहरा तसाच, कोणी वाट चुकलेल्याकडे बघतो तसा, जरा मदत करावी म्हणून. तिचं हसू थांबलं. ती नुसती बघत राहिली वर.

मामी आहे. गावाहून. सकाळच्या बोटीनं आली असणार, कुणाला न कळवता. नाही, कुणालातरी माहीत होतं, कुणीतरी पत्र टाकलं असणार. मी मागे वळून बघितलं तर तात्या भिंतीकडे तोंड करून किल्ल्या मोजतायत.

मामाला सांगितलं नाही कोण ते. या वेळी "हो मामा" पण म्हटलं नाही.

मामानं परत सुरुवात केली. वर, उजवी, खाली. वाट बघतोय मी म्हणायची.

जिन्यात ट्रंक आपटतेय, पायरीगणिक. पहिला मजला झाला. मध्ये थांबली असावी, तिला दम लागतो. आता खोकला ऐकू आला, तिचाच, कोरडा, दोनदा.

मामाचा हात कठड्यावरून सुटला. जिन्याकडे वळला. या वेळी मान बरोबर बाजूला आहे.