पहिल्या मुठीचं नाव

आई, तुझं जातं आता बदलापूरच्या गॅलरीत आहे. माझ्या सुनेने त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. मी रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून शाळेतल्या कविता पुटपुटत बसतो. बहुतेक सगळ्या पाठ आहेत अजून. एकाच ओवीशी येऊन अडतो, आणि ती शाळेतली नव्हेच, तुझी आहे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी नुकताच काडेपेटीच्या कारखान्यात चिकटलो होतो. आपण शिवमंदिराजवळच्या चाळीत राहायचो. मला कवितेचं वेड लावणारे मराठीचे मास्तर बुवापाड्यात एका खोलीत राहत. शाळेत व्याकरण शिकवत आणि रविवारी त्याच खोलीत येशूची उपासना चालवत. मोजकीच माणसं जमायची. पण आळीत आवई उठली की तिथली भाकर खाल्ली की माणूस बाटतो. आदल्या रविवारी त्यांच्या पत्र्यावर दगड पडले, आणि गिरणीवाल्याने जाहीर केलं की त्यांचं दळण घेणार नाही. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता, येशूच्या नावाने पोळी मोडून सगळ्यांनी वाटून खायचा. त्यासाठी पोळी हवी, पोळीला पीठ हवं. मास्तर गव्हाची पिशवी तशीच घेऊन आपल्या घरी आले, तेव्हा मी म्हटलं, मास्तर, कल्याणहून पीठ आणून देतो. ते म्हणाले, "आणशील रे. पण चोरून आणलेल्या पिठाची पोळी मी त्यांच्या हातावर कशी ठेवू? आधीच भ्यालेली माणसं आहेत. या रविवारी पांगली तर पुन्हा जमायची नाहीत."

तू चुलीपुढूनच बोललीस, "ठेवा ते गहू हितं. माझं जातं काय शोभेला हाय?" मग पदराला हात पुसत त्यांना विचारलंस, "मास्तर, पयल्या मुठीला नाव कोनाचं घेऊ?" ते गोंधळले. तू समजावलंस की नाव घेतल्याशिवाय तू जात्यात दाणा टाकत नाहीस. "तुमचं नेहमीचं घ्या ना, महादेवाचं," ते म्हणाले. "दळन तुमचं आन् राबवायचा माझा महादेव? तुमच्या देवाचं सांगा." त्यांनी सांगितलं. तू दोनदा घोळवलंस आणि तुझ्या तोंडात ते झालं येसूबा, तुझ्या जांभूळगावच्या शिवेवरच्या एखाद्या देवासारखं. आमच्या ऱ्हस्वदीर्घावरून कान पिळणाऱ्या मास्तरांनी ते दुरुस्त केलं नाही. नुसते खाली बघून हसले.

रविवारची पहाट. जातं घरघरतंय, मी अंथरुणातच आहे, आणि तू ओवी उचलतेस: "पयला गं घास, येसूबाच्या नावाचा..." पुढचा चरण येण्याआधीच दारावर थाप पडली. गिरणीवाला. मागे आळीतले चारपाच जण, एकाच्या हातात काठी. मी अंथरुणातून उठलो.

"मावशी, कोनाचं नाव घेत व्हतीस?"

"काय रं, गिरणीचा पट्टा तुटला का? सकाळच्या पारी जातं मागाया आलास?"

"थट्टा नको. बाटलीस तू."

"ज्याचं दळन त्याच्या देवाचं नाव घेतलं. तू गिरणीत कोनाचं घेतोस? इंजनाचं?"

मागचा एक जण फिसकन हसला आणि तिथेच गिरणीवाल्याचा चेहरा बदलला. हे पीठ बुवापाड्यात पोचलं तर तुमचं दळण बंद, आणि नळावर तुमचा हंडा दिसला तर फोडीन, असं म्हणून तो गेला. तू उरलेले गहू दळलेस, पण मुकाट्याने. ओवी पुन्हा उचलली नाहीस.

पिठाचा डबा डोक्यावर घेऊन तू निघालीस, मी मागे. गिरणीपुढे ते रस्ता अडवून उभे होते. काठी हवेत फिरली आणि डब्यावर बसली. तो आवाज अजून कानात आहे. पत्रा दबला, तू कलंडलीस, पण डबा सोडला नाहीस. "पाड," तू म्हणालीस, "सांडलं तर परत दळीन. जातं घरातच हाय." काठीवाला गिरणीवाल्याकडे बघायला लागला, गिरणीवाला रस्त्याकडे. तू दोघांच्या मधून चालत गेलीस.

मास्तरांच्या खोलीत त्या दिवशी सगळे आले होते. पोळी मोडली गेली तेव्हा तू उंबऱ्याबाहेर बसलीस. एका बाईने तुला आत बोलावलं तर म्हणालीस, "नको गं, माझा देव घरी वाट बघतोय." आणि संपेपर्यंत उठली मात्र नाहीस. पुढे नळावर आपला हंडा फुटलाच. कितीतरी दिवस आपलंही दळण तू हातानेच काढलंस. तळहाताला फोड आले की बाबा कातावायचे आणि तू हळद लावून पुन्हा खुंटा धरायचीस. बुवापाड्यातली खोली मात्र बंद पडली नाही.

आई, हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? घडी करून, तुळशीची कुंडी जरा बाजूला घेऊन, जात्याच्या तोंडात सरकवून देतो. एक सांगायचं राहिलं. नातवंडांना मी ती ओवी पुरी म्हणून दाखवतो: "दाणा बुवापाड्याचा, हात जांभूळगावाचा." पणजीची आहे म्हणून सांगतो. पण हा पुढचा चरण तुझा नाही, मी जुळवलेला आहे. यमक नीट जुळलंय, पण जात्याची घरघर मनात आणून म्हणून बघितली की ओवी तिथेच अडखळते.