नाचमाळाची सोय

मी, आर्डिथ किम्सी, वय ७९, राहणार रॅबिट क्रीक, वायोमिंग, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल शंका असेल त्याने डॉक्टरांना विचारावे. डाव्या गुडघ्याखेरीज त्यांना माझ्यात बिघाड सापडलेला नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ज्याला घोडा दिला होता तो माणूसही गेला आणि घोडाही.

साक्षीदार म्हणून पोस्टातली नेडा प्रॅट आणि शेजारी डेल्मर हॉफ समोर बसले आहेत. डेल्मरचा दालचिनीचा तिसरा रोल चालू आहे.

१. घर, गोठा, एकशे चाळीस गाई आणि वळू माझा एकुलता मुलगा लायल याला. लायल शहरात बोटी विकतो. गाई तो महिन्याभरात विकेल. हरकत नाही, गाईंनाही तो फारसा आवडत नाही.

२. १९८७ साली डेल्मरच्या वळूने कुंपण मोडून माझ्या कालवडींत मुक्काम ठोकला. त्या वर्षीची वासरे तिरळी निघाली. याची माफी मी जिवंतपणी दिलेली नाही, मेल्यावरही देत नाही.

३. तार ताणायचे माझे यंत्र डेल्मरने १९९१ साली "दोन दिवसांसाठी" नेले. ते वसूल करून लायलला द्यावे.

४. ओढ्यापलीकडचा नाचमाळ. दर वसंतात पहाटे सेजच्या झुडपांतले रानकोंबडे तिथे छाती फुगवून माद्यांपुढे नाचतात. जूनच्या मध्यापर्यंत मी तिथे गुरे सोडत नाही. नंतरही वीतभर गवत मागे राहील इतपतच चारते. गुरांच्या पाण्याच्या टाकीत पडलेला पक्षी चढून बाहेर यावा म्हणून आत तिरकी फळी ठेवते. पक्षी तारेवर आपटून मरू नयेत म्हणून कुंपणाला पांढऱ्या पट्ट्या लावल्या, तेव्हा डेल्मर गावभर सांगत सुटला, "आर्डिथने माळावर कपडे वाळत घातलेत." त्या माळावर गाईही जगल्या आणि कोंबडेही. आयुष्यात मी केले ते एवढेच, आणि माझ्यामागे ते मोडेल याची मला भीती वाटते.

म्हणून माळ लायललाच. वाऱ्याने उडालेल्या पट्ट्या दर मार्चमध्ये कोणीतरी परत लावलेल्या असतात. त्याच महिन्यात माझ्या वाढदिवसाला लायल येतो, तेव्हा तोच गुपचूप लावत असणार. गेल्या एप्रिलची मोजणी: बावीस नर.

हे मी मोठ्याने वाचत लिहीत होते. डेल्मर चावता चावता म्हणाला, "चोवीस."

"काय चोवीस?"

"नर. दोन तुझ्या टाकीमागे नाचतात. तुझ्या गाडीतून नाही दिसत."

"आणि तुला कुठून दिसले?"

"माझ्या कुंपणापाशी गाडी लावली की दिसतात." मग तो रोलकडेच बघत राहिला. "डॉली गेल्यापासून पहाटे झोप लागत नाही गं." डॉली त्याची बायको.

नेडा म्हणाली, "दर फेब्रुवारीत तुमच्या नावाने पांढऱ्या पट्ट्यांचं खोकं येतं पोस्टात. ते काय कपडे वाळत घालायला?"

"कॉफी आहे का अजून?" डेल्मर म्हणाला.

मी उठून लायलला फोन लावला. "माळावरच्या पट्ट्या तू लावतोस का रे?"

"कुठल्या पट्ट्या, आई?"

पोर खोटे बोलत नाही, हे त्याच्या नावे नोंदवते. पुढचे कलम मी मोठ्याने वाचले नाही.

५. कलम ४ मध्ये लायलचे नाव आहे तिथे डेल्मर हॉफ वाचावे. अटी: जूनच्या मध्यापर्यंत गुरे बाहेर, टाकीत फळी, तारेला पट्ट्या. लायलने भांडू नये. कलम २ कायम.

स्थळ: रॅबिट क्रीक. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३.
सही: आर्डिथ किम्सी

साक्षीदार:
१. नेडा प्रॅट
२. डेल्मर हॉफ. सहीआधीच खोडले, ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते.

डेल्मरच्या हातातले पेन काढून घेतले तेव्हा तो म्हणाला, "आता काय केलं मी?" मी कागद पुढे सरकवला. त्याने दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला. मग म्हणाला, "यंत्र उद्या आणून देतो."

२. (बदली) वॉल्ट प्रॅट, नेडाचे यजमान. बाहेर गाडीत बसले होते, आत बोलावले.

सर्वांसमक्ष दुरुस्ती: कलम ३ रद्द. यंत्र डेल्मरकडेच राहू द्यावे. मार्चमध्ये त्याला लागेल.