मातीच्या गावातलं आमचं दार

गुरुजी, फार उशिरा लिहितो आहे, रागावू नका. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षरही सांभाळून घ्या.

नातीला शाळेतून प्रकल्प मिळाला आहे. बेचाळीस सालचं आपलं गाव करून न्यायचं. ओसरीवर पुठ्ठे, डिंक, काड्यापेट्यांची घरं पसरली आहेत. ते पाहिलं आणि मला तुमचा वर्ग दिसू लागला. पोळ्याचे बैल करून उरलेली माती तुम्ही आणायला सांगितली होती. ज्यानं त्यानं आपलं घर करायचं आणि बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांनी गोळीबार केला त्या दिवशी घरच्यांनी काय केलं, ते विचारून मांडायचं.

मी आईला विचारलं. चुलीतलं लाकूड मागे ओढत ती हळूच म्हणाली, "दारावर थाप पडली. पोलीस हायेत समजून तुह्या बापानं कडी नाई काढली. मंग पाह्यतो तं ओट्यावर रगत. कोनाले सांगू नको." तुमचा थोरला भाऊ गोळी लागून आमच्याच गल्लीच्या टोकाला मरून पडलेला सापडला, हे गावाला ठाऊक होतं. तो कुणाच्या दारावरून परतला, हे फक्त आम्हाला.

मी मातीचं दार उघडं केलं. दारात बाप उभा केला, हातात पाण्याचा लोटा. तुम्ही वाकून कितीतरी वेळ पाहत राहता. "तुह्या बापानं दार उघडलं होतं काय रे?"

"हो, गुरुजी."

तुम्ही बोटानं बापाच्या हातातला लोटा नीट करता. शेजारच्या पोराला म्हणता, "तुह्या घराले छप्पर नाई बे, माणसं वाळून जातीन." पोरं हसतात.

त्यानंतर बाप वाटेत भेटला की तुम्ही त्याला हात जोडायचात. तो घरी येऊन आईला विचारायचा, "मास्तर मले हात काऊन जोडते वं?" आणि ताटावरून तसाच उठायचा. मी खाली मान घालून जेवत राहायचो. बाप जाईपर्यंत त्याला सांगितलं नाही, आणि तो गेल्यावरही तुम्हाला नाही.

काल नात म्हणाली, "आबा, आपल्या घरचे काय करत होते त्या दिवशी? सोमवारी मांडायचं आहे."

"विसरलो, बाई."

"बाजारातले भाव बरे पाठ राह्यतात तुमाले!"

आज सकाळी तिनं पुन्हा विचारलं. खरं सांगावं तर बापाला गावासमोर उभं केल्यासारखं होईल. खोटं सांगावं, तर यावेळी ते तिच्या हातून होईल. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुम्ही वारलात त्या दिवशी मी खांदा द्यायला आलो नाही, मुद्दाम आष्टीच्या बाजाराला निघून गेलो. तरी सोमवारच्या आत काहीतरी कळवा, गुरुजी.