सज्ञान मुलीच्या रजेची चिठ्ठी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

ठमीच्या अठराव्या वाढदिवसाला तू केक पाठवलास आणि त्याच महिन्यात तिची पोटगी बंद केलीस, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. तुझी तब्येत बरी असेलच. खर्च कमी झाला की माणसाला झोप चांगली लागते. माझे गुडघे कुरकुरतात, पण गेल्या आठवड्यात मी त्यांना इतकं पळवलं की कुरकुरायला उसंतच मिळाली नाही.

केकवाल्याच्या तोंडी तू निरोप धाडलास की मुलगी सज्ञान झाली, बापाची जबाबदारी संपली. तुमच्या घटस्फोटाच्या हुकमात तसं लिहिलेलं नाही. मुलगी पूर्णवेळ शाळेत असेल, तर शाळा संपेपर्यंत पोटगी द्यावी लागते. आणि ठमी अजून शेवटच्या वर्गातच कशी, हे मला विचारू नकोस. "एवढ्याशा जिवाला कशाला जुंपता, वर्षभर खेळू दे" असं म्हणून तिला शाळेत उशिरा घालणारा तूच. (ती खेळली, आणि तिच्या भातुकलीत मांडी घालून खोटंखोटं जेवणारा बाप मी स्वतः पाहिला आहे.) दिवसभर लोकांचे तराजू तपासणाऱ्या माणसाने घरीच मापात पाप करावं?

भावजय (तुझी कोणी नसली तरी माझी आहे) दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. तिचा पगार घरभाड्यातच संपतो, म्हणून ठमीने शाळा सोडून बेकरीच्या गल्ल्यावर बसायचं ठरवलं. शाळा सुटली की पोटगीचा हक्कही सुटतो, हे त्या शहाणीला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, जरा मोठ्याने.

मग पोटगी चालू ठेवण्याचा अर्ज करायला मी कोर्टाच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने बसायला सांगितलं नाही, पण माहिती चोख दिली: मुलगी सज्ञान आहे, तेव्हा तिनेच येऊन सही करायची, आई नको, आत्या तर नकोच. कचेरी उघडी असते ती नेमकी शाळेच्या वेळात. ठीक आहे, अर्ध्या दिवसाची रजा काढू, म्हणून मी शाळा गाठली. मुख्याध्यापिकेने रजेची छापील चिठ्ठी पुढे केली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं: पालकाची सही. मी म्हटलं, मुलगी सज्ञान आहे, कोर्टातून आत्ताच ऐकून आले.

"फाटकाबाहेर असेल," बाई म्हणाल्या. "आत ती माझी विद्यार्थिनी आहे."

(बाई मला आवडल्या. त्यांना ते कळू दिलं नाही.) भावजयीची सही चालेना, कारण शाळेच्या नोंदीत पालक म्हणून एकटा तू आहेस. भांडणाच्या दिवसांत तूच तावातावाने जाऊन लिहून दिलं होतंस की माझ्या सहीशिवाय मुलीला बाहेर सोडू नये. शाळेने तुझा शब्द पाळला आहे. तेव्हा तुझ्याविरुद्ध अर्ज करायला जाण्यासाठी मुलीला तुझीच परवानगी हवी. चिठ्ठी सोबत आहे. कारणाच्या जागी ठमीने "वडिलांविरुद्ध अर्ज देणे" असं स्वच्छ लिहिलं आहे. अक्षर तुझ्या वळणावर गेलं आहे. सही कर.

तुझी ताई

ता. क. चिडून चिठ्ठी फाडू नकोस. बाई दुसरी देतील, आणि ती घेऊन मी स्वतः तुझ्या कचेरीत येईन. तिथे मी हळू बोलणार नाही.

आणखी ता. क. सोबत दुसराही कागद आहे: शाळा संपेपर्यंत पोटगी पूर्वीसारखी देत राहीन, असं संमतीपत्र. त्यावर सही केलीस तर ना रजा लागेल ना कोर्ट. ठमीला गणिताचा तास बुडवायचा नाही. खरं तर हा सगळा पत्रप्रपंच त्या कागदासाठीच. कागद पाकिटात घालताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "आत्या, संमतीचा कागद वर ठेव ना. बाबा वरच्या कागदावर सही करतील, खालचा बघणारसुद्धा नाहीत."

तुझ्या कचेरीच्या शिपायाकडे बंद पाकिटात दिले: संमतीपत्र एक, वर. रजेची चिठ्ठी एक, खाली. शिपायाला सही झालेला कागद घेऊन परत येण्याचं भाडंही दिलं.