ओकाऱ्यांवर बी-सिक्स

९ नोव्हें. १९५३, डोंबिवली

दिवाळीची सुट्टी संपली, दवाखाना उघडला. काशीबाईने सुया-सिरिंजा उकळायला ठेवल्या होत्या. त्या वाफेत स्पिरिटचा वास मिसळला आणि मी मोरीकडे धावले. काशीबाई इथे आया आहे, चार लेकरांची आई. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पाळी चुकलीच आहे. वय चौतीस. लग्न उशिरा, तेही दोन वर्षांपूर्वी. मूल होईलसं मी धरलं नव्हतं.

संध्याकाळी मा.ना सांगितलं. (माधवराव. रोजनिशीत नवऱ्याचं नाव पुरं लिहायला अजून हात वळत नाही.) वह्या तपासत होते, पेन्सिल खाली ठेवली.
"मग आता?"
"आता काही नाही. ओकायचं."
हसले. मग पुन्हा वह्या. पण एकच पान बराच वेळ समोर होतं.

११ नोव्हें.

आजपासून बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू. सकाळ, दुपार, रात्र. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला मी हेच देते आणि वर सांगते, "आठवड्यात उतार पडेल." बहुतेकींना पडतो. काही परत येतच नाहीत. त्यांनाही पडला असं मी धरत आले.

सकाळी चहा टिकला नाही. गोळी टिकली असावी.

१४ नोव्हें.

मानपाड्याहून बैलगाडीतून एक बाई आणली. चांगुणा. वीस-एकवीसची, दुसरी खेप, तिसरा महिना. पहिला मुलगा घरी. जीभ सुकलेली, डोळे खोल गेलेले, नाडी पळती. लघवीत ॲसिटोन, म्हणजे शरीर उपाशी. बरोबर सासू.

"बाय, हिचे पोटान पानी पन ऱ्हात नाय."

ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात न्या म्हटलं. सासू गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली. "ठान्याला नाय. मोठी सून नेलेली, ती परत नाय आली." आवाज चढवला नाही, पण पुढे बोलणंही ऐकेना.

मग मागच्या खोलीतल्या खाटेवर घेतली. नस सापडेना. सापडली. ग्लुकोज-सलाईन लावलं, बी-वन आणि बी-सिक्सची इंजेक्शनं दिली. मध्येच मला उमळून आलं. बाटली काशीबाईच्या हाती देऊन बाहेर गेले, तोंड धुऊन परत आले. चांगुणाने डोळे उघडले होते.

"तुमी पन?"
"हो."
एवढ्या अशक्तपणात ती हसली. सासूला म्हणाली, "आवो, डाक्टरीन पन वकते."

१५ नोव्हें.

चांगुणाने घोट घोट पाणी घेतलं, ते राहिलं. दुपारी एकदा ओकली. नाडी बरी.
मी: सकाळी दोनदा, दुपारी एकदा. गोळ्या चालू.

१७ नोव्हें.

चांगुणाने भाताची पेज घेतली. संध्याकाळी अजून मागितली. सासू सारखी माझे हात धरते. गुण कशाचा म्हणायचा? सलाईनचा, बी-सिक्सचा, की पाणी शेंदणं, भात कांडणं सोडून खाटेवर पडून राहायला मिळालं त्याचा? सासूला मी म्हटलं, "इंजेक्शनांचा." सोपं पडतं.

तीच औषधपेटी, तेच औषध. माझ्यावर अजून काही परिणाम नाही.

२० नोव्हें.

चांगुणा घरी गेली. गोळ्या दिल्या. सासूने कौतुकाने पुरचुंडी माझ्या हातात ठेवली, तिथेच उलगडली. सुकट. मी जी धावले ती परसात विहिरीपाशी जाऊन थांबले. परत आले तर सासू चिंतेत. "बाय, तुमाला कोन औशीद देतं?"
म्हटलं, "मीच."
तिला ते बरं वाटलं नाही.

सुकट काशीबाई घेऊन गेली.

२४ नोव्हें.

लुगडं सैल होतंय. आज स्वतःच इंजेक्शन घेतलं, मांडीत.

औषध कंपनीचा माणूस आला होता. टाय, चामड्याची पेटी, पुण्याकडची भाषा. गोळ्यांचे नमुने दिले, बराच वेळ गुण सांगितले.
विचारलं, "आणि ज्यांना गुण येत नाही त्यांचं?"
"डोस वाढवायचा, डॉक्टर."
"वाढवूनही?"
"मग त्यांनी नियमित घेतल्या नसणार."
याला उत्तर द्यायचं होतं, पण पुन्हा मोरी गाठावी लागली. आले तेव्हा तो पेटी बंद करून उभा होता. अवघडला होता बिचारा. नमुने दोन जास्त ठेवून गेला.

बाहेर बाकावर जोशी मास्तरांची सून होती, तीही गरोदर. तिने सगळं पाहिलं. आत आल्यावर हळूच, "तुम्ही स्वतः पण ह्याच गोळ्या घेता?"
"घेते."
तिला धीर आला. गुण आला का, हे तिने विचारलं नाही.

२९ नोव्हें.

घरात फोडणी बंद. मा. शाळेतून आले की स्वतः वरणभात लावतात, वर तूप. तक्रार नाही. पण आज शेजारच्यांकडे वांग्याची भाजी होती आणि भिंतीपलीकडून वास आला तेव्हा त्यांनी मान वर करून हुंगलं, हे मी पाहिलं.

जेवताना म्हणाले, "दवाखाना महिनाभर बंद ठेव."
"आणि बायकांनी कुठे जायचं?"
"पूर्वी कुठे जात होत्या?"
"पूर्वी मरत होत्या."
हे फार झालं. ते उठून भांडी घासायला बसले. मी मदतीला गेले नाही. खरकट्याचा वास.

३ डिसें.

गोळ्या बंद केल्या. विचार करून नाही, कंटाळून. बाटली फडताळात मागे सारली. रोज तीनदा आशा गिळायची आणि तासाभरात ती मोरीत टाकायची. काशीबाई म्हणते मुलगी असेल, मुली आईला छळतात. तिचे चारही मुलगे आहेत.

८ डिसें.

सकाळी जाग आली तेव्हा काहीतरी नव्हतं. काय नाही ते कळायला वेळ लागला. मळमळ नव्हती.

उठून चहा केला, प्यायले. पोहे केले, फोडणी घालून, कांदाही. मा. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, आनंदाने नुसते बघत. दोनदा घेतले. मीही घेतले. राहिले.

दवाखान्याच्या वाटेवर लक्षात आलं. काल चारदा ओकले होते. आज शून्य. उतार असा पडत नाही. आणि पाळी चुकल्यापासून छाती भरून दुखायची, तेही गेलंय, आठवत नाही परवापासून की कालपासून.

दुसऱ्या बाईने येऊन हे सांगितलं असतं तर म्हटलं असतं, "छान झालं." किती जणींना म्हटलंय.

९ डिसें.

आजही नाही. अत्तर, रॉकेल, स्पिरिट, सगळे वास घेऊन पाहिले. काही होत नाही. स्पिरिटची बाटली तर नाकाशी धरून उभी राहिले. काशीबाई म्हणाली, "आता कशाला उकरून काढता?"

दोन शक्यता आहेत. एक, मळमळ संपायची वेळ थोडी लवकर आली. दुसरी मी पुस्तकात वाचली आहे, इस्पितळात पाहिली आहे आणि इथे लिहीत नाही.

मा.नी बोरं आणली, रुमालात बांधून. मी खाल्ली. ते म्हणाले, "आता अंगावर मांस चढेल तुझ्या."

११ डिसें.

ठाण्याला गेले. मा.ना सांगितलं, औषधं आणायला. डॉ. सुमतीबाईंकडे. विद्यार्थी असताना मी त्यांच्या हाताखाली होते. आता केस पांढरे, हात तेच. टेबलावर झोपून छताकडे पाहायची वेळ पहिल्यांदा आली. छताला ओल आहे.

बराच वेळ तपासलं. हात धुतले. "तुझ्या तारखेच्या मानाने गर्भाशय किंचित लहान वाटतंय. तारखा पक्क्या आहेत?"
"नाहीत. माझी पाळी नेहमी मागेपुढे."
"मग मी काय सांगू? बरोबरही असेल. तीन आठवड्यांनी ये. तोवर वाढलं तर वाढलं."
"आणि नाही तर?"
"तुला माहीत आहे ते मला कशाला विचारतेस?"

निघताना विचारलं, बी-सिक्स तुम्ही देता का. म्हणाल्या, "देते. काहींना बरं वाटतं. काहींना कुणीतरी काहीतरी दिलं म्हणून बरं वाटतं. त्या दोघी वेगळ्या करायला मला जमलेलं नाही." मग, "घरी सांगितलंस?"
"ओकाऱ्या थांबल्या एवढं माहीत आहे. त्यांना आनंद झालाय."
"सांगून टाक. एकटीने वाट पाहण्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही."

१२ डिसें.

सांगितलं. मा. गणिताचे शिक्षक. दोन्ही शक्यता नीट ऐकून घेतल्या. मग विचारलं, "म्हणजे ओकत होतीस तेव्हा बाळ ठीक होतं?"
"तसंच काहीसं."
"आणि मी पोहे खाऊन खूश होत होतो."
ते बाहेर जाऊन विहिरीवरून पाणी आणत राहिले. पिंप भरलं, घागरी भरल्या, बादलीसुद्धा.

१८ डिसें.

चांगुणा आली, मानपाड्याहून चालत. गाल भरलेत. कडेवर मुलगा. गोळ्या संपल्या, अजून द्या म्हणते. म्हटलं, "आता ओकत नाहीस तर कशाला?"
"गोल्या थांबल्या तं वकना परत सुरू व्हईल."
थोड्या दिल्या.

तिला विचारलं, तुझं थांबलं ते एकदम, की हळूहळू? तिने मन लावून सांगितलं. आधी पाणी ठरलं, मग पेज, मग भाकरी, मासळी तर आता आता. मी ऐकत होते. इतक्या लक्षपूर्वक रोग्याचं ऐकून घेतल्याचं अलीकडे आठवत नाही.

"तुमचा वकना थांबला का, बाय?"
"थांबला."
"गोल्या गुनाच्या हायेत," म्हणाली.

मग एकदम माझा हात ओढून पोटावर ठेवला. कालपासून हलतंय म्हणे. इतक्या लवकर बाहेरून हाताला लागत नाही, मला लागलंही नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "लागला?"
"लागला," म्हटलं.

२२ डिसें.

कल्याणहून एक नवी मुलगी, लग्नाला वर्षही नाही. ओकून बेजार. गोळ्या लिहून दिल्या. नेहमीचं वाक्य तोंडात आलं, पण बाहेर वेगळंच पडलं: "काहींना याने बरं वाटतं. तुला वाटतं का पाहू. पाणी मात्र थोडं थोडं घेत राहा, आणि ते राहिलं नाही तर त्याच दिवशी ये."
मुलीने मान डोलावली. सासूबाई नाराज. दाराबाहेर पडल्या न पडल्या तोच कानावर आलं, "डॉक्टरीणबाईंनाच खात्री नाही."
काशीबाई संतापली. मला राग आला नाही.

२६ डिसें.

दुपारी लुगड्याला थोडा तपकिरी डाग. दुखत नाही. बाकावरच्या दोघींना तपासलं, मग काशीबाईला सांगितलं. तिने दवाखान्याला कुलूप घातलं.

पडून आहे. मा. शाळेतून धावत आले, धाप लागलेली. "काय करायचं असतं यात?"
"पडून राहायचं."
"आणि औषध?"
"नाही."
"तुम्हा डॉक्टरांच्या इतक्या बाटल्यांत एकही?"
फडताळाकडे बघत म्हणाले. चिडून नाही. खरंच विचारत होते.

२८ डिसें.

डाग पुन्हा नाही. त्याचाही अर्थ दोन्हीकडे लागतो.

मा. उशाशी बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात. बाजारभावसुद्धा. आज मध्येच थांबून म्हणाले, "नसलं, तर नसलं. तू आहेस ना." मी "हं" म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. रडले नाही.

३० डिसें.

काशीबाई येऊन गेली. बायका दवाखान्याच्या पायरीवर बसून राहतात म्हणे, परत जा म्हटलं तरी. चांगुणाची सासूही येऊन गेली, मी आजारी कळल्यावर निरोप ठेवला: बायला सांगा, ठान्याला जाऊ नको.

१ जाने. १९५४

आज तीन आठवडे झाले. ठाण्याला निघालो आहोत. मा.नी रजा घेतली.

पहाटे अंथरुणातच पोटावर हात ठेवून पाहिला. दुसरी बाई असती तर सांगितलं असतं, वाढलंय की नाही. स्वतःचं असलं की बोटं आपल्याला हवं तेच सांगतात. जरा वेळाने नको तेच सांगतात. हात काढून घेतला.

मा. पाहत होते. "काय वाटतं?"
"सुमतीबाई सांगतील."

स्टेशनवर न्यायला टांगा दारात उभा आहे. मा. गादीवरची उशी काढून माझ्या पाठीला लावायला टांग्यात ठेवून आले, मग परत येऊन शाल घेऊन गेले. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही, तपासणी आहे म्हणून. भूक लागली आहे. चांगलीच, भाकरी-पिठल्याची. ही खूण कशाची धरायची ते ठाऊक नाही. लागली आहे एवढं लिहून ठेवते.