लंगोटाचा कच्चा नव्हतो

वस्ताद,

तुमच्या तालमीची माणसं तुमच्या आठवणींचं पुस्तक काढतायत. जुन्या पैलवानांनी एकेक आठवण लिहून पाठवावी, असा निरोप मलाही आलाय. म्हणजे तुम्ही मला हाकललं होतं, हे आता तिथं कुणाच्या ध्यानात नाही. माझ्या आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, मी साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, पोट सुटलंय, गुडघे कुरकुरतात. पण तो दिवस कुणी मधेच झोपेतून उठवून विचारला तरी पहिल्यापासून सांगेन.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल, खाल्ल्या मिठाला जागला नाही. आटपाडीहून सांगलीला तुमच्याकडे आलो तेव्हा अठराचा होतो. माझ्या नडग्यांवरची खवल्याखवल्यांची कातडी बघून तुम्ही हसला होता. "काय रं, मासा हाईस काय?" म्हणालात आणि स्वतःच्या हातानं माझ्या पायांना तेल चोळलंत. हौद्यातल्या तांबड्या मातीत आपण तेल, ताक, हळद घालायचो. त्या मातीत लोळून सहा महिन्यांत माझे पाय मऊ झाले. माझ्या कातडीचे उभ्या जन्मातले सगळ्यात चांगले दिवस तुमच्या हौद्यातले आहेत. जोर मारून दमलो की भिजवलेले बदाम तुम्ही सोलून माझ्या तोंडात घालायचात. बाप गेलेल्या पोराला ते काय वाटत असेल, हे तुम्हाला कळलं होतं की नाही कोण जाणे.

मग तिसरा हिवाळा. लंगोट आम्ही धुण्याच्या वडीनं धुवायचो. तो वाळून कडक व्हायचा, आणि अंगालाही तीच वडी. पायांना तेल लागायचं, पण लंगोटाच्या आत कोण तेल लावतो? तिथली कातडी कोरडी पडून ताणली, पांढरा कोंडा सुटायला लागला, लिंगाला बारीक भेगा पडल्या. घाम लागला की डोळ्यांत पाणी यायचं. मी दात खाऊन लढत होतो. अंघोळीच्या वेळी माझ्या जोडीदारानं ते बघितलं आणि तुमच्या कानावर घातलं. तुम्ही टाकीपाशी आलात. सगळी तालीम भोवती उभी होती, मी वीस वर्षांचा होतो, आणि तुम्ही म्हणालात, "सोड लंगोट."

मी सोडला.

"कुटं गेलतास?"

"कुटंबी न्हाई, वस्ताद. जलमापासनं हाय."

"जलमापासनं आसतं तर मला दिसलं नसतं व्हय रं? मला शिकवतूस?"

दोरीवरचा माझा दुसरा लंगोट तुम्ही काठीच्या टोकानं उचलला, हात न लावता, आणि दारातून रस्त्यावर फेकलात. "लंगोटाचा कच्चा माझ्या तालमीत नको." एवढं बोलून आत गेलात. तुम्हाला रोग वाटला ते एक वेळ समजतो. तालमीत गजकर्ण पसरतं, वस्तादाला जपावं लागतं. पण रोग बघून तुम्ही माझं चालचलन ठरवलंत. मी तोवर कुठल्या बाईचा हातसुद्धा धरला नव्हता.

त्यानंतरची वर्षं मी तुमच्या खात्यावर मांडतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणायचो. चार दिवस बरं वाटायचं आणि कातडी आणखी पातळ व्हायची. स्टँडजवळच्या, पडदा लावलेल्या एका वैद्याकडे गेलो. त्यानं पहिलाच प्रश्न तुमचाच विचारला. लग्न झालं आणि काम आहे म्हणून मी महिनोन्‌महिने दुकानात झोपलो. शेवटी बायको दुकानातच येऊन उभी राहिली. "माझ्यात काय कमी हाय, का तुमच्यात, ते एकदा सांगून टाका," म्हणाली. सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?" आणि मला सांगलीच्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. तिथंही हीच बोलली, "आवं डॉक्टर, ह्यांची तिथली कातडी लय कोरडी पडती, भेगा पडत्यात."

डॉक्टरबाईंनी पाय बघितले, पाठ बघितली, तेही बघितलं, आणि विचारलं, आईकडच्या कुणाला असं आहे का? मला एकदम जतचा मामा आठवला. मेंढरांमागं फिरणारा, उन्हाळ्यातही अंगावर घोंगडं घेणारा. त्याच्या पायांची कातडी तळ्याच्या वाळल्या गाळासारखी होती. बाई म्हणाल्या, "जन्माची आहे ही. आईकडून मुलाकडे येते, आईला बहुतेक जाणवतही नाही. लागण होत नाही. तुम्ही कुठं गेलात म्हणून ती आली नाही, आणि कुठं गेला नाहीत म्हणून जाणारही नाही." साबण बंद, कढत पाणी बंद, ओल्या अंगावर मलम, तिथंसुद्धा. महिन्याभरात भेगा मिटल्या.

आता खरं ऐका. माझ्या बहिणीच्या मुलाचीही कातडी तशीच आहे. कॉलेजात जातो, आणि यंदा त्यानं साताऱ्यातल्या एका तालमीत नाव घातलं. पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो. सगळ्या पैलवानांसमोर पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि तिथल्या वस्तादांना सांगितलं, "ह्येची आन माझी कातडी जलमाची आशी हाय. पायाला हाय, पाठीला हाय, लंगोटाच्या आतबी हाय. लागण न्हाई. उद्या कुणी ह्याच्या लंगोटावर बोट ठेवलं, तर आधी माझ्यासंगं कुस्ती धरायची." माझं पोट बघून दोघंतिघं हसले. हसू देत. ते वस्ताद, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणाले, "आवं, मग तेल जरा जास्त लावू की."

एवढंच. एवढंच तुम्ही म्हणायचं होतं, वस्ताद. तेल तर तुमच्याच हातात होतं.

हे पुस्तकात कोण छापणार? त्यांना मी दोनच ओळी पाठवल्या: वस्ताद फार शिस्तीचे होते, स्वतःच्या हातानं बदाम भरवायचे. दोन्ही खरं आहे. हे पत्र दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राहील, तांब्याच्या तारेखाली. मी लंगोटाचा कच्चा नव्हतो, हे आता कुणापुढंही म्हणेन. फक्त एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. त्या दिवशी रस्त्यावरचा लंगोट उचलून मी एसटी स्टँडवर जाऊन बसलो, तेव्हा तुमच्यावर चिडलो नव्हतो. आटपाडीची गाडी लागेपर्यंत मी आठवत बसलो होतो, की मी नेमकं काय केलं असेल.